पुण्यात गच्चीवर हवेतील परागकण आणि बुरशीचे बीजाणू मोजण्यासाठी कोणती पद्धत वापरावी?
आगार (बुरशी वाढवण्यासाठीचे जेलीसारखे माध्यम) भरलेली पेट्री डिश, म्हणजे उथळ बशी, उघडी ठेवणे सर्वांत स्वस्त. परंतु तीत मोठे, जड कणच अधिक पडतात आणि किती हवेतून आले हे कळत नसल्याने घनमीटरमागे संख्या काढता येत नाही. परागकणांसाठी शास्त्रज्ञ हर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या रचनेचा सापळा घ्यावा: तो मिनिटाला १० लिटर हवा ओढून ताशी २ मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट फितीवर कण टिपतो, त्यामुळे गाजरगवताचे (पुण्यात त्याची काय कमतरता!) पराग कोणत्या वेळी वाढतात हेही सूक्ष्मदर्शकाखाली उलगडते. जिवंत बुरशी वाढवून ओळखायची असेल, तर मात्र अँडरसन सॅम्पलर (छिद्रांतून हवा ओढून कण आगारावर टिपणारे यंत्र) लागेल; पावसाळ्यात त्याचा हवा ओढण्याचा अवधी कमी ठेवावा, अन्यथा आगारावर वाढलेल्या बुरशीच्या वसाहती (ठिपके) एकमेकींत मिसळून मोजता येत नाहीत.