तुमचा प्रश्न: ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्व?

प्रश्न: आजी सांगायची, तिच्या वडलांनी मुंबईच्या ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्वांचं नाटक बघितलं होतं. पण तिथे तर साहेबांचे इंग्रजी कार्यक्रम व्हायचे ना? आणि आता ते थिएटर चालू आहे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: आजींवर विश्वास ठेवा! बालगंधर्व तिथे गायलेत, मास्टर दीनानाथही, आणि पृथ्वीराज कपूरांची नाटकंही तिथे झालीत. बांधलं मात्र साहेबांसाठीच. कलकत्त्याचे, करमणुकीच्या धंद्यातले मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या धंद्यातले पारशी जहांगीर कराका यांनी ते उभं केलं, १९०९ ला काम सुरू झालं आणि १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला तेव्हा काम अर्धवट असतानाच त्याच्या हस्ते उद्घाटन उरकलं. (१९०९ म्हटलं की आपल्या नाशिककरांना दुसरंच आठवतं, त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा' बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या.)

मला तर वाटतं ती वास्तू आपल्या संगीत नाटकालाच जास्त शोभली. ऑपेरा म्हणजे तरी काय, गाण्यातून सांगितलेलं नाटकच, आणि माईक नसलेल्या काळातलं थिएटर असल्यामुळे बांधणीच अशी की गाणाऱ्याचा आवाज वर बाल्कनीत शेवटच्या रांगेपर्यंत जावा, मग नाट्यपदांना अजून काय हवं?

पुढे सिनेमा आला, १९३५ पासून तर ते सिनेमागृहच झालं. १९५२ मध्ये सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानाच्या महाराजांनी घेतलं, पण व्हिडिओ-केबलच्या काळात प्रेक्षक आटले आणि १९९३ ला कुलूप लागलं. तेवीस वर्षं! त्या जागेवर टॉवर उभा राहिला नाही हे गोंडल घराण्याचे उपकारच म्हणायचे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुने फोटो बघून बघून दुरुस्ती केली, रंगीत काचा, सोनेरी नक्षी सगळं परत आणलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. आता ५७५ खुर्च्या आहेत.

तेव्हा हो, चालू आहे. आधी कार्यक्रमाचं तिकीट काढा, मग पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने चर्नी रोड, पुढे चालतच. आत गेलात की फोयरमधली, म्हणजे प्रवेशदालनातली झुंबरं बघा, ती मुंबईच्या ससून या व्यापारी घराण्याच्या बंगल्यातली आहेत. आणि खुर्चीत बसलात की आधी मान वर करा, घुमटाचे आठ भाग आहेत, ते कवी, गायक आणि नाटककारांना वाहिलेले आहेत.