मैना पळून का गेली?

चिऊ,

परवा 'माणूस' बघताना तू विचारलंस ना, प्रेम दोघांचं आहे तर तो हवालदार गणपत वेश्यावस्तीतल्या मैनेला आईकडे कशाला घेऊन जातो, तुम्ही लोक प्रेमातपण आईबाबांना मध्ये आणताच का? मी तेव्हा बघ बघ पुढे म्हणून टाळलं, पण ते 'तुम्ही लोक' जरा लागलंच.

पिक्चर १९३९ चा, प्रभातचा, शांतारामबापूंचा. तू 'कशाला उद्याची बात'ला मान हलवत होतीस, वेगवेगळ्या भाषांतली कडवी आली तेव्हा हसलीस, आणि त्या काळातल्या फिल्मी लव्हसीनची त्यांनीच केलेली टिंगल तर तुला भारीच आवडली. म्हणजे जुनं म्हणून काही अडलं नाही. अडलं ते घराशी.

आम्ही हा टीव्हीवर पाहिला तेव्हा मी तुझ्याएवढाच असेन. हवालदार झालेला शाहू मोडक दिसला की आजी कौतुकानं म्हणायची, हाच पुढच्या वर्षी ज्ञानेश्वर झाला हो! आजोबांना असले पिक्चर मुलांसमोर नकोच वाटायचे, पण उठून जायचे नाहीत.

आणि त्याच सुमारास शुभाआत्या एकाला घरी घेऊन आली होती. तिच्या ऑफिसमधला. आडनाव ऐकलं आणि आजोबा पेपरात शिरले ते शिरलेच. आजीनं मात्र पोहे केले, पाहुण्यांच्या कपातून चहा दिला, गोड बोलली. निघताना तो उठला, मोरीत जाऊन स्वतःचा कप स्वतः विसळला आणि पालथा ठेवला, आजी अहो राहू द्या राहू द्या म्हणतीय तरी. नाही असं कोणीच म्हणालं नाही गं, पण तो परत आला नाही.

मैनेला पण गणपतच्या घरून कोणी हाकललं नव्हतं. देवभोळी आई, तिचे देव, तिची माया, तेच तिला झेपलं नाही आणि ती पळाली. अपमान केला असता तर भांडता तरी आलं असतं, चांगल्या वागणुकीशी कसं भांडायचं? मैना झालेल्या शांता हुबळीकरांचा चेहरा बघ तिथे, पुन्हा लाव हवं तर.

पण घरी नेणं वाईटच असं मला अजूनही म्हणवत नाही. आपल्याकडे तो मानच असतो, लपवायचं काही नाही असं सांगणं असतं. तुझ्या आईलाही मी आधी आजीकडेच नेलं होतं आणि ती कशी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती ते तिलाच विचार, मजेत सांगेल. मजेत सांगता येतं कारण आमचं जमलं. शुभाआत्याला हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही, तूही फोनवर लगेच विचारू नकोस प्लीज.

तू कुणाला घरी आणायचं की नाही ते तूच ठरव, मी मागे लागणार नाही. (आई लागेल.) आणलंसच तर कप मी धुवीन.

बाबा