लेकीला ज्वालामुखीचं वेड लागलंय, आता काय?

पत्र (थोडक्यात): आम्ही वाईला राहतो. मुलगी बारावीत आहे, पीसीएमबी घेऊन. तिला ज्वालामुखीशास्त्रज्ञ व्हायचंय. त्यापायी अख्खी दोनशेपानी वही भरवली आहे, दोन पानांचे फोटो सोबत पाठवतेय. तिच्या बाबांना ती कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला हवी आहे. सासूबाई म्हणतात, आपल्याकडे ज्वालामुखीच नाहीत, मग हिला पगार कोण देणार? मला भीती वाटते ती जिवाची. काय करावं? – एक आई

ताई, नमस्कार.

वहीपासूनच सुरुवात करते. पहिल्या पानावर लेकीने लिहिलंय, ‘ज्वालामुखीचे तीन प्रकार : जागृत, निद्रिस्त, मृत.’ हे शाळेचं उत्तर. मार्क मिळतात, पण या धंद्यात ते फार लांब नेत नाही. फिलिपिन्समधला पिनाटुबो पाचेकशे वर्षं गप्प पडला होता. अंगावर जंगल वाढलेलं, उतारांवर माणसं राहत होती. १५ जून १९९१ ला तो असा फुटला, की त्याच्या वायूंनी आणि धुरळ्याने पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. म्हणून या क्षेत्रातली माणसं डोंगर झोपलाय की जागा एवढ्यावर थांबत नाहीत. आतला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, किती घट्ट आहे आणि त्यात वायू किती कोंडलाय, हे विचारतात.

दुसऱ्या पानावरची चित्रं मला फार आवडली. पालथ्या ढालीसारखा पसरट ज्वालामुखी, राखेच्या ढिगासारखा छोटा शंकू आणि थरांवर थर चढलेला उंच, टोकदार डोंगर. तिन्ही बरोबर. फक्त एकाही चित्राखाली ‘का’ लिहिलेलं नाही. तेवढा एक प्रश्न तिला घाला : हवाईचा किलाउआ बहुतेक वेळा वाहतो आणि पिनाटुबो फुटतो, असं का? आठ दिवस द्या. तिने शोधाशोध करून, स्वतःच्या शब्दांत, तुम्हाला ओट्यापाशी उभं राहून समजावून सांगितलं, तर हे वेड व्हिडिओ बघण्यापुरतं नाही असं मी धरीन.

उत्तर तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. एका शेगडीवर आमटी आणि दुसरीवर पिठलं ठेवा. आमटीतली वाफ बुडबुड्यांतून मुकाट्याने निघून जाते. पिठलं घट्ट झालं की तीच वाफ आत अडकते, मग फट्‌कन फुटते आणि हातावर चटका बसतो. शिलारसाचं असंच आहे. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असते ती, जितकी जास्त, तितका तो चिकट. किलाउआचा रस बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा. त्यात सिलिका साधारण ५० टक्के आणि तापमान ११०० ते १२०० अंश, म्हणून तो वाहता. वायू सुटतो, लाव्हा दूरवर पसरत जातो आणि हजारो प्रवाह साचून हवाईतल्याच मौना लोआसारखी मंद उताराची अवाढव्य ढाल तयार होते. पिनाटुबोच्या रसात सिलिका साठ टक्क्यांच्या वर होती. तो घट्ट, वायूही भरपूर, आणि वर येताना दाब उतरला की सोड्याची बाटली उघडल्यासारखा सगळा फेस एकदम बाहेर. राखेचा खांब सुमारे ३५ किलोमीटर चढला. असे ज्वालामुखी कधी लाव्हा, कधी राख ओकत उभे राहतात, म्हणून जपानच्या फुजी किंवा फिलिपिन्सच्या मेयॉनसारखे थराथरांचे आणि उभ्या चढाचे होतात.

या दोघांच्या अध्येमध्ये बरंच काही आहे. इटलीचा स्ट्राँबोली शतकानुशतकं दर थोड्या मिनिटांनी ठिणग्या उडवत बसलाय. मेक्सिकोत १९४३ साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडली आणि त्यातून पारिकुटिन नावाचा राखेचा शंकू उगवला. नऊ वर्षं धुमसला आणि कायमचा थांबला. हे लेक सांगेलच, तिच्या वहीत असणार.

आता सासूबाईंचं म्हणणं. आजी पूर्ण चुकीच्या नाहीत. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रात आहे, बॅरन बेटावर, आणि तिथे माणूस राहत नाही. १९९१ मध्ये तो दीड शतकाहून जास्त काळाच्या शांततेनंतर जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोय. त्या एका बेटावर किती जणांचं पोट भरणार?

पण आजींना एक सांगा. जगभरच्या ज्वालामुखीशास्त्रज्ञांना वाई हे नाव पाठ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, त्याच्या थरांचे भूशास्त्रज्ञांनी उपगट पाडलेत : कळसूबाई, लोणावळा आणि सगळ्यांत वरचा वाई. होय, ‘वाई उपगट’. त्याच्या पोटात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी थरांची नावं आहेत. या उपगटाशी जुळणारा लाव्हा थेट आंध्रात राजमहेंद्रीला सापडतो, इतके ते प्रवाह लांब गेले असं मानतात. आपल्या टोकदार डोंगरांना लोक ‘हा जुना ज्वालामुखी’ म्हणतात ते मात्र खरं नाही. इथे शंकू नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा उतू गेला आणि थरावर थर साचले. डोंगर पुढे नद्यांनी आणि पावसाने कोरले. तेव्हा तुमची लेक ज्वालामुखीवरच राहते, फक्त थंड झालेल्या.

आणि पगार इथूनच निघतो. माझं स्पष्ट मत आहे, तिने आत्ता ‘ज्वालामुखीशास्त्र’ शोधूच नये, भूशास्त्र शोधावं. ज्वालामुखी हा त्यातला पुढचा फाटा. बीएस्सीला भूशास्त्र असलेली कॉलेजं आपल्याकडे फार नाहीत, पण पुण्याला फर्ग्युसन आहे, मुंबईला झेवियर्स आहे. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थेत, पुण्यात, पृथ्वी व हवामान विज्ञान शिकता येतं, त्यासाठी आयसरची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पीसीएमबी असल्याने हे सगळे दरवाजे उघडे आहेत. गणित सोडू देऊ नका, मग काहीही होवो. बीएस्सीनंतर ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमएस्सी करता येतं.

पुढे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गट ‘अ’चा अधिकारी होता येतं. ही संस्था १८५१ पासूनची आहे आणि सातव्या वेतन आयोगात तिथली सुरुवात मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून होते. जागा मोजक्या, स्पर्धा तगडी, हे लपवत नाही. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. धरणं, बोगदे, मेट्रो यांना खडक वाचणारी माणसं लागतात. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत बोगद्याच्या कामावर होता. दिवसभर ड्रिलिंगमधून निघालेले दगडाचे दंडगोल बघायचे, हा बेसाल्ट, ही राखेची ब्रेशिया (तुकडे चिकटून झालेला खडक), इथे भेग, इथे पाणी. घरी फोन केला की म्हणायचा, ‘मॅडम, लाव्हाच तपासतोय, फक्त गार.’ तुमच्यापासून तासा-दीड तासावर कऱ्हाडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयनेचे भूकंप समजून घ्यायला त्यांनी लाव्हाचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटात, सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय.

खराखुरा धगधगता ज्वालामुखीच हवा असेल तर एमएस्सीनंतर बाहेर जावं लागेल. ब्रिस्टल, हवाई, फ्रान्समधलं क्लेर्माँ-फेराँ ही त्यासाठीची ठिकाणं. पीएचडी फेलोशिपवर होते, त्यामुळे त्यासाठी घर गहाण टाकायची कल्पना डोक्यातून काढा. बारावीनंतर लगेच परदेशी पाठवणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तिच्या बाबांनाही एक निरोप. आजचा ज्वालामुखीशास्त्रज्ञ दिवसातले बरेच तास कॉम्प्युटरसमोर असतो. उपग्रहाच्या रडारवरून डोंगर किती सेंटिमीटर फुगला ते काढणं, भूकंपमापकाच्या हजारो नोंदींतून खालून वर सरकणारे धक्के वेचणं, हे सगळं प्रोग्रॅमिंगच आहे. मुलीने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी. त्या बाबतीत बाप-लेकीचं भांडण नाहीच.

जिवाची भीती मात्र खोटी नाही. ३ जून १९९१ ला जपानमधल्या उन्झेनवर तापलेल्या राखेचा लोट अंगावर येऊन ४३ जण गेले, त्यात तीन ज्वालामुखीशास्त्रज्ञ होते. पण त्याच महिन्यात पिनाटुबोपाशी काय झालं तेही ऐका. तिथली टीम डोंगरातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू मोजत होती. १३ मे रोजी दिवसाला सुमारे ५०० टन, २८ मे रोजी ५००० टनांच्या वर. मग तो अचानक कमी झाला. नवशिक्याला वाटेल, संपलं संकट. त्यांना कळलं की वाट बुजली असावी आणि आत दाब वाढतोय. हजारो माणसं वेळेत हलवली गेली. सहा वर्षं आधी कोलंबियात उलटं झालं होतं. नेवादो देल रुइस या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, तरी आर्मेरो गाव रिकामं केलं गेलं नाही. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री बर्फ वितळून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याखाली सुमारे २३ हजार माणसं गेली. लोंढा गावापर्यंत यायला दोन तासांहून जास्त लागले होते. लेकीला हे दोन्ही वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर ती काय म्हणते ते मला कळवा. तिच्या मार्कशीटपेक्षा ते मला जास्त उपयोगी पडेल.

तोवर येत्या रविवारी तिला घेऊन पसरणी घाटात जा. बाबांनाही न्या. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात आडवे थर दिसतील, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. आपल्या घाटांत दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायच्या आधी वरच्या पृष्ठाचं जे झालं ते तिथे दडलंय. तो सापडला तर फोटो काढा, शेजारी पेन धरून, म्हणजे जाडी कळते. दगडात छोट्या पोकळ्या दिसतील, त्या वायूच्या बुडबुड्यांच्या. काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतील. भिंग न्या, हातोडी नको, कडेची दरड आधीच सैल असते. आणि गाडी वळणावर लावू नका.