मुलाच्या फुटबॉल मॅचचे फोटो पुसट येतात. कॅमेऱ्यात काय बदलू?

कॅमेरा ऑटोवर ठेवून पळणारी पोरं टिपायला गेलं की असंच होतं. डायल 'एस'वर फिरवा (कॅननवर 'टीव्ही'), म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवाल. तो १/१००० सेकंद ठेवा आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. फोकस निकॉनवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो, म्हणजे तो पळणाऱ्या पोराच्या मागे राहतो. बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू, पण तीन-चार फ्रेमच. नाहीतर रात्री बाराशे फोटो निवडत बसाल.

डिसेंबरात पुण्यात सूर्यच सातच्या सुमारास उगवतो. उजेड कमी, म्हणून सकाळच्या पहिल्या मॅचला १/५०० वर उतरा. फोटो थोडे दाणेदार आले तरी चालतात, हललेला चेहरा मात्र काही केल्या सुधारत नाही.

खरी गोम जागेत आहे. मी एक अख्खा सीझन हाफलाइनपाशी चहाचा कप घेऊन उभा होतो, हाती लागल्या त्या जर्सीच्या पाठी! आता गोलपोस्टच्या बाजूला, रेषेपासून चांगला मागे, चक्क मांडी घालून बसतो. पोरं अंगावर धावत येतात, दातओठ खाल्लेले, बुटांखालून तांबडी माती उडतेय. त्या मातीत लेन्स मात्र बदलू नका. लेन्स ७०-३०० मिमीची झूम पुरे. आणि हो, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यांच्या आईबाबांना विचारा.