तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका: कामावरच्या अपघातांबद्दल वाचकांचे प्रश्न

भोसरी एमआयडीसीतून एक सुपरवायझर विचारतात: आमच्या प्रेस शॉपमध्ये एका पोराचं बोट प्रेसखाली आलं आणि पुढचं पेर तुटून पडलं. आम्ही घाईघाईत ते पेर बर्फाच्या डब्यात टाकून हॉस्पिटल गाठलं, तर डॉक्टर म्हणाले बर्फाने खराब झालं, आता जोडता येणार नाही. मग न्यायचं तरी कसं?

दादा, तुम्ही धावपळ केलीत ती मनापासून केलीत, पण हे तुम्हाला कुणीतरी आधीच शिकवायला पाहिजे होतं. बर्फ थेट लागला की आतल्या पेशी गोठून मरतात, आणि नुसत्या पाण्यात बुडवलं तर पेर फुगतं, मग बारीक रक्तवाहिन्या जोडणं अवघड होतं.

पण पेराच्या आधी माणूस बघा. मशीन बंद करा, पोराला खाली बसवा नाहीतर आडवं करा कारण रक्त बघून चक्कर येते, जखमेवर स्वच्छ गॉझ किंवा धुतलेला रुमाल ठेवून घट्ट दाबा, हात छातीपेक्षा वर धरा, आणि दहा मिनिटं तरी रक्त थांबलं का म्हणून उचलून बघू नका, सगळे नेमकं तेच करतात. गॉझ भिजला तर काढायचा नाही, त्याच्यावरच दुसरा ठेवायचा. हळद, चहापत्ती, कॉफी पावडर काहीही भरू नका, ते सगळं सर्जनला आधी साफ करत बसावं लागतं. बोटाला दोरी, वायर आवळू नका. हातात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. आणि पाणी-चहा पाजू नका, कारण ऑपरेशनसाठी भूल द्यावी लागू शकते.

आता पेर. घाण लागली असेल तर सलाइनने हलकं धुवा, घासू नका, डेटॉल तर अजिबात नको. सलाइनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा, म्हणजे गारवा मिळतो पण बर्फ लागत नाही. पिशवीवर नाव आणि वेळ लिहा. पेर पार चेचलंय, काय उपयोग, असं आपण ठरवून फेकून द्यायचं नाही, ते सर्जनला ठरवू द्या. निघतानाच फोन करून विचारा की तिथे प्लास्टिक सर्जन आहे का, नाहीतर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरण्यातच वेळ जातो.

इचलकरंजीहून एक वाचक: मागाला करंट उतरून कुणी चिकटलं तर लाकडाने ढकलायचं म्हणतात, बरोबर आहे का?

आधी मेन स्विच पाडा, लाकूड नंतर. मेनपर्यंत पोचताच येत नसेल तरच कोरडं लाकूड, आणि तेही स्वतः कोरड्या जागी उभं राहून. उघड्या हाताने ओढायला गेलात तर तुम्हीही चिकटाल. बाहेरची हाय टेन्शन लाइन असेल तर महावितरणने सप्लाय बंद केल्याचं कळेपर्यंत जवळ जाऊच नका, तिथे लाकूडसुद्धा वाचवत नाही.

सुटला की खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास थांबलाय किंवा मधूनच आचके दिल्यासारखा चाललाय, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची. कडक जमिनीवर उताणा झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास द्यायला शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्या हाताने खोल दाबलं जात नाही. बरगडी मोडेल म्हणून लोक घाबरतात, पण बरगडी जुळून येते हो, बंद पडलेलं हृदय आपली वाट बघत नाही!

आणि शॉक बसून माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी त्याला नेऊन ईसीजी काढाच.

पुण्यातून एक ताई: ऑफिसमध्ये एकाला फिट आली, कुणी कांदा हुंगवला, कुणी दातात चमचा घातला. योग्य काय?

ताई, दोन्ही नको, चप्पलही नको. चमच्याने दात तुटतात, आणि फिटमध्ये जीभ गिळली जात नाही. खुर्च्या-टेबलं बाजूला सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेली, एकामागून एक आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल तर १०८. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नको.

नाव न छापण्याच्या अटीवर एक कामगार: आमचा फर्स्ट एड बॉक्स साहेबांच्या कपाटात कुलपात असतो. नाइट शिफ्टला काय करायचं?

कुलूप हे साफ चूक आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ मध्येच सांगून ठेवलं होतं की दर १५० कामगारांमागे कमीत कमी एक बॉक्स पाहिजे, तो कामाच्या सगळ्या वेळेत पटकन हाताशी येईल असा पाहिजे, आणि त्याची जबाबदारी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे, जो कामाच्या वेळेत हजर असेल. कामाच्या वेळेत नाइट शिफ्टही आलीच की. एकट्याने बोलायला भीती वाटत असेल तर चार-पाच जणांनी सह्या करून सेफ्टी कमिटीकडे नाहीतर युनियनकडे लेखी द्या आणि प्रत जवळ ठेवा. सोबत हेही मागा की प्रत्येक शिफ्टमधल्या निदान दोघांना कोर्सला पाठवा, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस असे कोर्स घेतात. बॉक्स मिळाला की आधी तारखा तपासा, आणि गॉझ, सलाइन, हातमोजे आहेत का ते बघा.