चांगआनचा खून आणि तीनदा सापडलेले मारेकरी

प्रश्न : प्राचीन चीनच्या राजधानीत एकामागून एक राजपुरुषांवर गूढ हल्ले होतात, सारे शहर हादरते आणि एखादा चाणाक्ष अधिकारी चार-दोन रात्रींत मारेकरी शोधून काढतो, अशा कथानकांच्या मालिका हल्ली आमच्या घरात आवडीने पाहिल्या जातात. असा प्रसंग खरोखर घडल्याची नोंद आहे काय, आणि असल्यास त्याचा तपास कसा झाला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नोंद आहे आणि ती चांगली तपशीलवार आहे, मात्र चाणाक्ष अधिकाऱ्याची अपेक्षा ठेवून ती वाचू लागल्यास निराशा पदरी येते. थांग घराण्याची राजधानी चांगआन, म्हणजे आजचे शिआन, येथे इ.स. ८१५ च्या जुलै महिन्यात एकाच पहाटे दोन उच्चपदस्थांवर हल्ले झाले. पुढच्या चार वर्षांत या एका गुन्ह्यासाठी तीन वेगवेगळ्या टोळ्या मारेकरी म्हणून पुढे आल्या, तरी खरा मारेकरी कोण हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. अकराव्या शतकात सिमा ग्वांग या इतिहासकाराने जुन्या सरकारी कागदांच्या आधारे जो बृहद् इतिहास सिद्ध केला, त्यात या प्रकरणाची हकीकत तारीखवार आली आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सम्राट शिआनझोंग याने हुआइशी प्रांतातील बंडखोर सरदाराविरुद्ध युद्ध पुकारले होते. उत्तरेकडील चेंगदेचा वांग चेंगझोंग आणि पूर्वेकडील पिंगलूचा ली शिदाओ हे दोन सरदार नावापुरतेच सम्राटाचे अंकित होते. आज हुआइशी बुडाली तर उद्या आपली पाळी, हे ओळखून दोघांनाही ते युद्ध थांबवायचे होते. दरबारात युद्धाचा मुख्य पुरस्कर्ता होता प्रधान वू युआनहेंग, आणि त्याच मताचा दुसरा माणूस म्हणजे अधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचा उपप्रमुख पेई दू.

त्या दिवशी उजाडण्यापूर्वी वू युआनहेंग दरबाराला जाण्यासाठी जिंगआन पेठेतील घरातून निघाला आणि पेठेच्या पूर्व दरवाजाबाहेर पडताच अंधारातून त्याच्यावर बाण सुटले. बरोबरचे लोक पळाले. मारेकऱ्यांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरून त्याला दहा-बारा पावले पुढे नेले, तेथे ठार मारले आणि त्याची कवटी घेऊन ते नाहीसे झाले. त्याच पहाटे थोंगहुआ पेठेत पेई दूच्या डोक्यावर वार होऊन तो गटारात पडला. डोक्यावरची नमद्याची टोपी जाड होती म्हणूनच तो वाचला. वांग यी नावाच्या त्याच्या नोकराने मारेकऱ्याला मागून मिठी मारून आरडाओरडा केला, तेव्हा मारेकऱ्याने त्याचा हात तोडून स्वतःची सुटका करून घेतली. संपूर्ण प्रकरणात प्रत्यक्ष मारेकऱ्याच्या अंगाला हात लावणारा हा एकमेव माणूस!

शहरात एवढी दहशत पसरली की प्रधानांना उपसलेल्या तलवारींचा आणि ताणलेल्या धनुष्यांचा पहारा द्यावा लागला. इतर दरबारी उजाडेपर्यंत घराचा उंबरा ओलांडीनात, त्यामुळे सम्राट सिंहासनावर येऊन बराच वेळ बसला तरी दरबार भरलेला नसे. मारेकऱ्यांचे धार्ष्ट्य असे की, ‘मला पकडण्याची घाई करू नका, नाहीतर आधी तुम्हालाच मारीन’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या त्यांनी नगररक्षक दलाच्या आणि स्थानिक कचेऱ्यांच्या ठिकाणी टाकल्या. त्या वाचून शोध घेणारे शिपाई खरोखरच थंडावले. शेवटी युद्ध खात्यातील शू मेंगरोंग या अधिकाऱ्याने सम्राटापुढे रडून सांगितले की, प्रधानाचे प्रेत रस्त्यावर पडावे आणि मारेकरी सापडू नये हे आजवर कधी घडलेले नाही. तेव्हा कोठे मोठी शोधमोहीम सुरू झाली. मारेकरी पकडून देणाऱ्यास दहा हजार माळा नाणी आणि पाचव्या श्रेणीचे पद जाहीर झाले, आणि आश्रय देणाऱ्याच्या संपूर्ण कुळाला मृत्युदंडाची धमकी देण्यात आली. दुहेरी भिंती आणि दुहेरी आढी असलेली बड्या अधिकाऱ्यांची घरेसुद्धा तपासली गेली.

संशय चेंगदेच्या राजधानीतील वकिलातीवर गेला. तेथे झांग यान आणि आणखी काही दांडगट शिपाई राहत असत व त्यांचे वागणे लोकांच्या डोळ्यांवर येत असे. शिवाय वांग चेंगझोंगच्या एका दूताने काही काळापूर्वी प्रधानांच्या कचेरीत उद्धटपणा केला होता, वू युआनहेंगने त्याला दरडावून हाकलले होते आणि त्यानंतर वांग चेंगझोंगने प्रधानावर चिखलफेक करणारा अर्ज सम्राटाकडे धाडला होता. हेतू असा आयता मिळाला. त्यात राजरक्षक दलाचा सेनानी वांग शिझे याने उघड आरोप केला की, वांग चेंगझोंगनेच झांग यानला पाठवले आहे. हा वांग शिझे म्हणजे वांग चेंगझोंगचा सख्खा काका. घराण्यापासून फुटून तो सम्राटाच्या आश्रयाला आलेला होता. अशा साक्षीदाराच्या शब्दाला किती किंमत द्यावी, हा प्रश्न तपास करणाऱ्यांना पडायला हवा होता. आठ जणांना अटक झाली, चौकशीत त्यांनी खून कबूल केला, आणि झांग होंगजिंग या प्रधानाने ही कबुली खरी वाटत नाही असे सम्राटाला वारंवार सांगूनही झांग यानसह पाच जणांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या साथीदारांपैकी चौदा जणांनाही मारण्यात आले. अटकेपासून शिरच्छेदापर्यंतचा सारा व्यवहार तीन आठवड्यांच्या आत उरकला.

त्यानंतर काही आठवड्यांतच दुय्यम राजधानी लुओयांग येथे दुसरा कट उघडकीस आला. तेथील ली शिदाओच्या वकिलातीत बरीच माणसे लपवलेली होती आणि राजवाड्याला आग लावून शहरात कत्तल करण्याचा बेत होता. एका शिपायाने बातमी फोडल्यामुळे तो फसला. या कटाचा सूत्रधार युआनजिंग नावाचा ऐंशी वर्षांपुढचा बौद्ध भिक्षू होता, आणि तरुणपणी तो बंडखोर सैन्यात सेनानी होता. लुओयांगचा प्रमुख अधिकारी ल्यू युआनयिंग याने पकडलेल्या दोन माणसांची चौकशी केली, तेव्हा वू युआनहेंगचे मारेकरी ली शिदाओचे असल्याचे समोर आले. त्याने गुप्तपणे तसे कळवले आणि त्या दोघांना पिंजऱ्याच्या गाडीतून राजधानीला रवाना केले. पण सम्राटाने तोपर्यंत वांग चेंगझोंगला अपराधी ठरवून टाकले होते, त्यामुळे ही गोष्ट पुढे नेण्यात आली नाही.

तिसरा अंक ८१९ सालचा आहे. ली शिदाओचा पाडाव झाल्यावर त्याच्या दप्तरात वू युआनहेंगच्या मारेकऱ्यांना दिलेल्या बक्षिसांच्या नोंदी सापडल्या. त्यांवरून वांग शियुआन आणि त्याच्या साथीदारांना राजधानीत आणले गेले. आता तरी प्रकरण मिटले असे कोणालाही वाटले असते, परंतु येथे पहिल्यांदाच कोणीतरी तपासाचा म्हणावा असा प्रश्न विचारला. चौकशी अधिकाऱ्याने त्यांना वू युआनहेंगचे वर्णन करायला सांगितले आणि त्यांच्या उत्तरांचा मेळ बसेना. खोदून विचारल्यावर ते म्हणाले की, दोन्ही सरदारांनी मारेकरी पाठवले होते. आम्ही उशिरा पोहोचलो, चेंगदेच्या लोकांनी काम उरकल्याचे कळले, तेव्हा ते श्रेय आपल्या नावावर घेऊन आम्ही परत जाऊन बक्षीस घेतले. आता मरायचे तर आहेच, म्हणून गुन्हा मान्य केला. सम्राटालाही आता पुन्हा खऱ्याखोट्याची शहानिशा नको होती. सर्वांना मारण्यात आले.

ली शिदाओच्या दरबारात प्रधानाच्या खुनाची मसलत झाली होती, हे सिमा ग्वांगने आपल्या कथनात स्पष्टपणे लिहिले आहे. माझाही कल तिकडेच आहे, कारण लुओयांगचा पुरावा आणि दप्तरातील नोंदी या दोन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी येतात. पण वांग शियुआनची उलटतपासणी वाचल्यावर झांग यान निर्दोष होता असेही म्हणवत नाही.

प्रश्न : थांग काळात चांगआनमध्ये रात्री संचारबंदी असे, असे वाचले आहे. मग मारेकऱ्यांना शहरात फिरता आले कसे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : संचारबंदी होती आणि कडक होती. सुमारे ८४ चौरस किलोमीटरचे हे तटबंदीचे शहर शंभराहून अधिक पेठांत विभागलेले होते. प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत, स्वतःचे दरवाजे आणि किल्ल्या सांभाळणारा पेठप्रमुख असे. (भारतातून परतलेला युआन च्वांग, ज्याने आपल्या महाराष्ट्राचे आणि पुलकेशीचे वर्णन केले, त्याने ६४५ नंतर ग्रंथांची भाषांतरे केली ती याच शहरात.) सायंकाळी ढोलाचे आठशे ठोके पडले की पेठांचे दरवाजे बंद होत आणि पहाटे तीन हजार ठोक्यांबरोबर उघडत. मधल्या वेळात मोठ्या रस्त्यावर कारणाविना सापडणाऱ्यास वीस फटक्यांची शिक्षा होती. सरकारी काम, आजारपण, घरातील मृत्यू अशा कारणांसाठी परवाना मिळे. नाक्यानाक्यांवर नगररक्षकांच्या चौक्या होत्या. पेठेच्या आत मात्र रात्री हिंडण्याफिरण्यास फारशी आडकाठी नसे.

या बंदोबस्तामुळे चोराला शहरभर पळणे अवघड होते आणि पेठेमागून पेठ झडती घेणे सोपे होते. तोच बंदोबस्त मारेकऱ्याच्याही उपयोगी पडला. दरबार पहाटे भरत असल्यामुळे प्रधान केव्हा निघणार, कोणत्या दरवाजाने बाहेर पडणार आणि कोणत्या रस्त्याने जाणार हे अगोदर ठाऊक होते. दरवाजे उघडले आहेत, पण उजेड नाही, असा नेमका तेवढाच वेळ मारेकऱ्यांनी साधला. शिवाय सरदारांच्या वकिलाती शहराच्या आतच होत्या आणि तेथे प्रांतांतून माणसे, पैसा व बातम्या यांची ये-जा कायम चाले. तटबंदी ओलांडून आत यावे लागावे, असा हा शत्रू नव्हता.

प्रश्न : कबुलीजबाब मारहाण करूनच घेतला जात असे काय? कायद्याचा काही अटकाव नव्हता काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : अटकाव होता. सातव्या शतकाच्या मध्यावर भाष्यासह जाहीर झालेली थांग संहिता ५०२ कलमांची आहे आणि तिच्यात चौकशीतील मारहाणीला मर्यादा घातलेल्या आहेत. पुरावे ताडून पाहूनही संशय उरला तरच मारहाणीची परवानगी मिळे. ती तीनपेक्षा अधिक वेळा करता येत नसे, दोन खेपांत वीस दिवसांचे अंतर ठेवावे लागे आणि एकूण फटके दोनशेंच्या पुढे जाता कामा नयेत असे बंधन होते. एवढे सोसूनही आरोपीने गुन्हा नाकारला तर त्याला जामिनावर सोडावे लागे, आणि मग त्याच मोजमापाने फिर्याद देणाऱ्याची चौकशी होई. खून झालेल्याच्या नातेवाइकांना मात्र यातून वगळले होते. खोटी फिर्याद करणाऱ्याला धाक बसवण्याची ही युक्ती आजच्या वाचकाला क्रूर वाटेल. तिच्यामागचा विचार मात्र गुळमुळीत नाही.

हे नियम सामान्य खटल्यांत पाळले जात असतील, पण राजद्रोहाच्या प्रकरणात सम्राटाला उत्तर हवे असले की त्यांचा टिकाव लागत नसे. झांग यानच्या खटल्यात मनाई करणारा कायदा होता, शंका घेणारा प्रधानही होता आणि दोघांचाही उपयोग झाला नाही. बाई जुयी या विख्यात कवीचा अनुभवही ध्यानात घेण्यासारखा आहे. खुनानंतर मारेकऱ्यांना तातडीने पकडावे असा अर्ज सर्वांत आधी त्याने केला. तेव्हा तो युवराजाच्या परिवारातील अधिकारी असल्यामुळे, सम्राटाला चुका दाखवून देणे हेच ज्यांचे काम, त्या अधिकाऱ्यांच्या आधी बोलून त्याने मर्यादा ओलांडली, असे ठरवून व इतर ठपके जोडून त्याला जियांगझोऊ येथे दुय्यम पदावर धाडण्यात आले.

प्रश्न : न्यायाधीश दी हे पात्र खरे की काल्पनिक? आणि प्रेतावरून खुनाचा उलगडा करण्याची चिनी पद्धत कितपत जुनी आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दी रेनजिए (६३० ते ७००) हा खरा माणूस होता आणि सम्राज्ञी वू झेत्यान हिच्या कारकिर्दीत तो प्रधानपदापर्यंत पोहोचला. सर्वोच्च न्यायकचेरीत असताना त्याने एका वर्षात सतरा हजार लोकांचा समावेश असलेली तुंबलेली प्रकरणे निकालात काढली आणि कोणीही अन्यायाची तक्रार केली नाही, असे जुन्या थांग इतिहासात म्हटले आहे. हे वर्णन कार्यक्षम न्यायाधिकाऱ्याचे आहे. रात्री वेष पालटून खुन्यांचा माग काढणारा दी कित्येक शतकांनंतरच्या कादंबऱ्यांतून जन्मला.

प्रेततपासणीचे म्हणाल तर तिची परंपरा दीच्याही आधीची आहे. तिसऱ्या शतकातील झांग जू या अधिकाऱ्याची कथा प्रसिद्ध आहे. नवरा आगीत जळून मेला असे एक बाई सांगत होती. झांग जूने दोन डुकरे आणवून एक आधी मारून आणि दुसरे जिवंत असे दोन्ही आगीत टाकले. जिवंत जळलेल्याच्या तोंडात राख सापडली, आधी मारलेल्याच्या तोंडात सापडली नाही, आणि नवऱ्याच्या तोंडातही ती नव्हती. पण या सगळ्या ज्ञानाला हस्तपुस्तिकेचे रूप दिले ते सोंग काळातील न्यायाधिकारी सोंग त्सी याने, १२४७ साली. कोयत्याने झालेल्या खुनाची त्यातील हकीकत अनेकांना माहीत असेल: गावातले सगळे कोयते उन्हात मांडले, एकावरच माश्या घोंगावल्या, कारण पुसलेल्या पात्याला रक्ताचा वास होता. मला स्वतःला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्या काळातील तपासणीची शिस्त. अधिकाऱ्याने दुर्गंधीला न घाबरता प्रेताजवळ स्वतः उभे राहायचे, जखमा ठराविक नमुन्यात नोंदवायच्या, आणि पहिली तपासणी झाल्यावर दुसरी तपासणी शेजारच्या परगण्यातील वेगळ्या अधिकाऱ्याकडून करून घ्यायची. त्या दुसऱ्या अधिकाऱ्याने पहिल्याचा निष्कर्ष नुसता उतरवून घेतला तर तोही शिक्षेस पात्र ठरत असे.