जुन्या टीव्ही गेमपैकी तुमचे सगळ्यात आवडते कोणते?
माझा एक नंबर रणगाड्यांचा गेम, म्हणजे नामको या जपानी कंपनीचा १९८५ चा बॅटल सिटी. आमच्या सांगलीत गल्लीतली पोरं सुट्टीत यावरच तुटून पडायची. दोघांनी एकदम खेळायचं, ३५ लेव्हल, वर कन्स्ट्रक्शनमध्ये आपला मॅप आपणच बनवायचा, आणि आपण ज्याला वाचवायचं त्या गरुडाभोवतीच्या विटा फुटत आल्यावर ते फावड्याचं बक्षीस मिळालं की भिंत थोडा वेळ लोखंडाची होते, तेव्हा जो जीवात जीव येतो तो दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही बघा.

दोन नंबर कॉन्ट्रा, म्हणजे बंदुकीनं शत्रू मारत पुढं जायचा गेम, त्यात एकदम पसरून गोळ्या मारणारी स्प्रेड गन मिळाली की विषय हार्ड! शिवाय आपल्या लाइफ संपल्या तर जोडीदाराच्या घेता येतात.

तीन नंबर मारिओ, भारीच आहे, पण त्यात दोघं पाळीपाळीनं खेळतात, एकत्र नाही.